‘प्राशन’ हा शब्द खोडून

गोंदिया
२ डिसेंबर १९५३

तीर्थस्वरूप दादास अनुसयाचा नमस्कार.

मी पोचली. अर्जुनीले गाडी दोन तास उशिरा आली, पण पेटी अन् वळकटी शाबूत आहे. रुख्मावहिनीनं बांधून देल्ले लाडू गाडीतच अर्धे संपले. समोर एक लेकुरवाळी बसली होती, तिच्या पोरानं हात पुढं केला तं नाही म्हणता आलं नाही.

दाईच्या शाळेत आम्ही दहा जणी आहोत. मी एकोणतीस वर्षांची विधवा, अन् माझ्यापेक्षा मोठ्या चार जणी आहेत. आमगावकडची शामकला तं चाळिशीची आहे, तिच्या पोरीले यंदा पोरगी झाली. तरी मेट्रनबाई आम्हाले ‘मुलींनो’ म्हणतात.

पहिल्याच सकाळी अंगणात उभं करून त्यांनी नियम वाचले. दारू नाही, ताडी नाही, गांजा-भांग नाही, विडी नाही, तंबाखू नाही. जवळ नुसतं सापडलं तरी सेवन केलं असं धरणार. मंग पेट्या उघडायले लावल्या. शामकलाच्या लुगड्याच्या घडीतून गुडाखूची डबी निघाली. मेट्रनबाईंनी तो तंबाखूचा काळा लगदा सगळ्यांच्या समोर मोरीत टाकला. आता रोज सकाळी रांगेत उभं करून आमचे दात पाहतात, कोणी घासला का म्हणून. बैलाच्या बाजारात पाहतात तसे.

नियमांच्या कागदाखाली मंडळाच्या तीन सह्या आहेत. त्यातली एक ईश्वरदास सेठची. शामकलानं हात वर करून विचारलं, “बाई, हे विडीच्या कारखान्यावालेच सेठ का?” मेट्रनबाई म्हणाल्या, “प्रश्न नको.”

तू काळजी करू नको. माझ्यापाशी यातलं काही नाही अन् नव्हतं. शिकवतात ते मात्र चांगलं आहे. हात तीनदा साबणानं, मंग स्पिरिट. कैची उकळायची, मंग स्पिरिट. काल ते ऐकताना मी मधातच बाहेर जाऊन उभी राहिली. आपल्या घरी कोणी हे सांगणारं असतं तं माझा पोरगा आज सहा वर्षांचा असता.

वहिनीले नमस्कार. धान चुरून झालं का ते कळव.

तुझी
अनुसया

■

केशोरी
१४ डिसेंबर १९५३

चि. अनुसया हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. धानाचं चुरणं अजून चालू आहे, खळ्यावर पेंढ्यांचे दोन पुंजणे बाकी आहेत. घरी सर्व क्षेम.

पेट्या तपासल्या, दात पाहिले, म्हणून तुला राग आला असं दिसतं. मला तसं वाटत नाही. नियम कडक असलेलेच बरे. बाबांना धानाच्या बांधीतल्या चिखलातून उचलून आणलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, पण तुला आठवत असेल. माझ्या खांद्यावर त्यांचे पाय होते. त्या दिवसापासून या घरात थेंब आलेला नाही, आणि गावातही येऊ नये म्हणून मी दारूबंदी समितीचं चिटणीसपण घेतलं आहे. मागच्या आठवड्यात आम्ही नाल्याकाठच्या दोन भट्ट्या फोडल्या.

तुझ्या प्रवेशाच्या वेळी मी हमीपत्र लिहून दिलं आहे. ‘माझी बहीण निर्व्यसनी घरातली आहे, तिच्या वर्तनाची जबाबदारी माझी.’ शाळामास्तराच्या शब्दाला तालुक्याच्या जनपद सभेत किंमत आहे म्हणून तुला जागा मिळाली. तेव्हा कुणाच्या डबीची वकिली तू करू नकोस. शामकलाबाईंपासून जरा अंतर ठेव. सहा महिने खाली मान घालून काढ, दाखला हातात घे, मग आपल्याच गावात नेमणूक मिळवून देण्याचं मी पाहतो.

तुझा दादा
भोजराज

■

केशोरी
९ फेब्रुवारी १९५४

अनुसया,

आज तुझ्या शाळेचं पत्र आलं. पोस्टमननं ते शाळेत, मुलांसमोर माझ्या हातात दिलं. मजकूर असा: ‘आपली बहीण श्रीमती अनुसयाबाई हिने दि. ३१ जानेवारी रोजी कोहमारा येथे बाळंतपणाच्या कामावर असताना मद्यप्राशन केल्याचे आढळले. या महिन्याअखेर तिने क्षमापत्रावर सही न केल्यास तिचे नाव कमी करण्यात येईल. हमीदार या नात्याने आपण तिला समज द्यावी.’

मी ते चार वेळा वाचलं. रुख्माला सांगितलेलं नाही.

काऊन पेलीस? कशासाठी? दुसरं काही मला विचारायचं नाही. बाबांचं सगळं पाहून, तू काऊन पेलीस?

भोजराज

■

गोंदिया
१३ फेब्रुवारी १९५४

दादा,

तू ‘काऊन पेलीस’ विचारलं. ‘पेलीस का’ असं विचारलं असतं तं मी एका ओळीच्या कार्डात उत्तर देल्लं असतं. आता पाकीट घ्यावं लागलं.

मी पेली नाही.

जे झालं ते सांगते. कामाच्या सरावासाठी मले अन् शामकलाले फिरत्या नर्सबाईंसोबत कोहमाऱ्याले पाठवलं होतं. दोन दिवस काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई सडक अर्जुनीले दुसऱ्या एका बाळंतिणीकडं गेल्या, अन् दुपारी जेवायच्या टायमाले दुधराम नावाचा माणूस धावत आला. त्याच्या बायकोले सकाळपासून कळा येऊन राहिल्या होत्या. पहिलटकरीण. आम्ही पिशवी घेऊन गेलो. नर्सबाईंची वाट पाहत बसलो असतो तं पोर जमिनीवर आलं असतं.

गोठ्याच्या बाजूची खोली होती. दुधरामच्या मायनं पाणी चुलीवर ठेवलंच होतं. कैची अन् दोरा उकळत टाकला, हात धुतले. मंग स्पिरिटची शिशी उघडली. बूच शाळेच्याच शिक्क्याचं होतं. दादा, शिशीले वासच नव्हता. तळहातावर घेतलं तं थंड नाही लागलं. जिभेले लावलं, विहिरीचं पाणी. शामकला म्हणे, “असू दे ना, उकळलं आहे सगळं.” पण मी तोवर दाराची कडी धरली होती, गोठ्यातल्या गाईले ढकलून बाजूले केली होती. साबणाची वडी होती अंगठ्याएवढी.

आठव्या दिवशी माझ्या पोराचा जबडा बसला होता, ते तुले माहीत आहे. तू बंडी जुंपून वैद्याकडं गेला होता. मी त्याच्या तोंडात दूध पिळून राहिली होती, अन् ते बाहेर येऊन राहिलं होतं. त्याची नाळ विळ्यानं कापली होती.

मी त्या म्हातारीले विचारलं, “माय, घरात पहिल्या धारेची आहे का?” ती घाबरली. आधी नाही म्हणे. मी म्हटलं, “मी पोलीस नाही, तुझ्या नातवासाठी पाहिजे.” मंग तिनं लोटाभर आणून देल्ली. मोहाची, ताजी. मी कापसाचा बोळा भिजवून काडी लावून पाहिली, तं निळी जळली. त्या दारूनंच मी हात धुतले, कैची त्यात बुडवली, नाळ कापल्यावर बोळा त्यातच भिजवून पुसला. पोरगा झाला. रडायले जरा उशीर केला, मंग असा रडला की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या.

घंट्याभरानं नर्सबाई आल्या. माझ्या हातांले, लुगड्याले दारूचा वास. लोटा बाजूलेच. त्यांनी बाकी काही पाहिलंच नाही. पोराचा बेंबट बी पाहिला नाही. गोंदियाले आल्याबरोबर मेट्रनबाईंकडं गेल्या.

त्यांनी मले छापल्यासारखा कागद देल्ला: ‘मी मद्यप्राशन केले, त्याबद्दल क्षमा मागते.’ मी विचारलं, “बाई, प्राशन म्हणजे काय?” त्या म्हणाल्या, “पिणे.” मी म्हटलं, “मंग हा शब्द चुकला. ‘मी मद्य वापरले’ असं लिहून द्या, आता सही करते.” त्या म्हणाल्या, “नियमात वापर असा शब्द नाही.”

सही केली नाही.

अनुसया

■

केशोरी
२० फेब्रुवारी १९५४

चि. अनुसया,

तुझं पत्र वाचलं. तू म्हणतेस ते मी मानतो. मानतो असं लिहिताना पेन अडखळला, खोटं कशाला बोलू? लहानपणी बाबाही शपथ घेऊन सांगत, आणि आपण मानत होतो.

पण मानलं. आता पुढचं ऐक. जवळ सापडलं तरी सेवन केलं असं धरू, हा नियम तूच मला कळवला होतास. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांचं चुकलेलं नाही. एका शब्दानं तुझ्या अंगाला काय भोक पडणार आहे? सही कर, परीक्षा दे, दाखला घे. नंतर तू प्यायली नव्हतीस हे तुला माहीत, मला माहीत, देवाला माहीत.

ते जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे. दारू कुठल्या घरातून आली ते नाव त्यांना दे. दोष भट्टी लावणाऱ्यावर जाईल, तू सुटशील. बिनपरवाना गाळणाऱ्या माणसाबद्दल दया वाटण्याचं कारण मला दिसत नाही.

काल इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला आले होते. जाताना म्हणाले, “मास्तर, गोंदियाची काही बातमी कानावर आली.” मी खाली पाहिलं. दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

यातलं काहीच तू करणार नसशील तर मला हमीपत्र मागं घ्यावं लागेल. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

भोजराज

■

गोंदिया
२४ फेब्रुवारी १९५४

दादा,

हमीपत्र मागं घ्यायचं तं घे. तुझा कागद आहे.

एका शब्दानं काय होते विचारतोस. बाबाले उचलून आणलं तेव्हा त्यांचे पाय तुझ्या खांद्यावर होते. अंग कोणी धुतलं? माय बेशुद्ध होती, तू लाकडं आणायले गेला होता. मी अन् आत्यानं धुतलं. आत्या रडून राहिली होती अन् म्हणून राहिली होती, “पेला, पेला अन् मेला.” आठ वर्षांची पोर तो वास तीन दिवस नाकातून काढू शकली नाही. तो वास पुन्हा हातावर घेताना मले काय झालं असेल याचा तू विचार नाही केला. मी घेतला, कारण दुसरं काही नव्हतं. अन् आता त्याच हातानं ‘पेली’ म्हणून लिहू?

दुसरं. त्या म्हातारीचं नाव मी देणार नाही. शाळेले बी नाही, तुझ्या समितीले बी नाही. मी तिच्या दारात वचन देऊन लोटा घेतला. तिले धरून देऊन मी दाई कशाची होऊ? पुढच्या येळी कोणती बाई मले दार उघडेल?

तिसरं. पाणी शिशीत कोणी भरलं ते सगळ्या शाळेले माहीत आहे. कंपाउंडर केवळरामचे डोळे सकाळीच लाल असतात. पण मी त्याले भरताना पाहिलं नाही. म्हणून त्याचं नाव बी घेणार नाही. जे पाहिलं नाही ते माझ्याबद्दल लोकं लिहून राहिले आहेत, मी तसं दुसऱ्याचं करू का?

कागद मी मेट्रनबाईंले परत देल्ला आहे. त्यावर ‘प्राशन’ खोडून वर ‘वापर’ लिहिलं, अन् खाली सही केली. त्यांनी तो फाडला. मी दुसरा लिहून देल्ला. तो बी फाडला. आता आठ मार्चले मंडळासमोर बोलावलं आहे.

शामकला म्हणते ती बाहेर उभी होती, तिनं काही पाहिलं नाही. तिचे चार पोरं आहेत, नवरा आंधळा आहे. मी तिले काही म्हटलं नाही. ती माझ्यासोबत जेवायले बसत नाही एवढंच.

अनुसया

■

केशोरी
३ मार्च १९५४

चि. अनुसया हिस आशीर्वाद.

मी कोहमाऱ्याला जाऊन आलो. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. चौकातल्या चहावाल्याला दुधरामचं घर विचारलं तर तो म्हणाला, “दारूवाल्या दाईच्या हातानं पोरगं झालं तेच घर ना?” मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण तो हसत नव्हता. हात जोडूनच म्हणाला होता.

म्हातारीचं नाव जमुनाबाई. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी पाणी दिलं, मग पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. महिना झाला त्याला. माझं बोट धरलं आणि सोडेना.

ती म्हणाली, “मास्तर, तुमच्या बहिणीनं लोटा मांगतला, तवा मले वाटलं, थकली आहे, घेईन एक घोट. मी बी म्हटलं, घे ना बाई, मी बी घेतो थोडी, हातपाय कापून राहिले माझे. तं माझ्यावर असी वरडली! म्हणे, ‘माय, थेंब बी तोंडात टाकू नको, सारी लागन.’ अन् सारी ओतली. हातावर, कैचीवर, जमिनीवर. माझी चांगली पहिल्या धारेची!”

मग तिनं विचारलं, तुझ्यावर काही आलं का? मी सांगितलं. ती उठून पदर खोचायलाच लागली. “येतो मी गोंदियाले. सांगतो, माझी होती. मले नेतीन तं नेतीन, माझं काय, माझे दिवस किती?” दुधराम दारात उभा होता. त्याचं तोंड उतरलं, पण त्यानं तिला अडवलं नाही.

मी अडवलं. परसात मोहाचं मडकं मातीत पुरलेलं मला दिसत होतं. दारूबंदी समितीचा चिटणीस तिथं उभा राहून म्हणाला, “माय, तू येऊ नको. तिनं तुझं नाव घेतलेलं नाही, तिचा शब्द मोडू नको.” परतताना मोटारीत बसलो आणि मलाच कळेना की हे मी बोललो. काल समितीची बैठक झाली. कोहमाऱ्याच्या बाजूची काही बातमी आहे का असं विचारलं. मी म्हणालो, नाही.

भट्टी वाईटच आहे, हे माझं मत बदललेलं नाही. पण आता मला एवढं समजलं की मी बाबांना घाबरत आलो, आणि त्या भीतीच्या भरात तुला त्यांच्या जागी उभं केलं. आधी ‘पेलीस का’ असं विचारायचं होतं. चूक झाली.

सोबत नवीन हमीपत्र जोडलं आहे. मंडळापुढं ठेव. पहिलंही मागं घेत नाही.

तुझा दादा
भोजराज

■

गोंदिया
९ मार्च १९५४

तीर्थस्वरूप दादास अनुसयाचा नमस्कार.

काल मंडळ बसलं. तुझं हमीपत्र माझ्या पदरात बांधलं होतं. आत गेल्याबरोबर टेबलावर ठेवलं.

तिघं होते. मेट्रनबाई, ईश्वरदास सेठ, अन् सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. डॉक्टर पहिल्यांदाच आले होते, घड्याळाकडं पाहून राहिले होते. सेठनं सुरुवात केली, “बाई, इतना लिख दो, बात खतम. हम भी घर जाएँ, तुम भी पढ़ो.” मी म्हटलं, “सेठजी, तुमची बात खतम होईल. माझी तिथूनच सुरू होते.”

डॉक्टरांनी विचारलं, “दारू कुठून आणली?”

“ते सांगणार नाही.”

“का?”

“ज्या घरी बाळंतपण करायले गेली, त्या घरची चुगली करायले शाळेनं शिकवलं नाही.”

मेट्रनबाई लाल झाल्या. डॉक्टर म्हणाले, “लोटा तुमच्या हातात होता. प्यायला नाहीत याला पुरावा काय?”

मी म्हटलं, “पेली याले तुमच्यापाशी काय पुरावा आहे? वास माझ्या हातांले होता. नर्सबाईंले विचारा, तोंडाले होता का?” नर्सबाई खुर्चीवर होत्या. त्यांनी तोंडाचा वास घेतलाच नव्हता. खरं बोलल्या, म्हणाल्या, “तसं पाहिलं नाही.”

“पण दारूची गरजच काय?” सेठ म्हणाले. “शाळा स्पिरिट देती है।”

तेव्हा मी डॉक्टरांले म्हटलं, “साहेब, कपाटातून एक शिशी मागवा. कोणती बी. तुम्हीच निवडा.” मेट्रनबाई म्हणाल्या, हा विषय नाही. डॉक्टर उठले, स्वतः कपाटापाशी गेले, बंद बुचाच्या शिश्यांतली मधली एक आणली. टेबलावरच्या राखदाणीत ओतली. सेठच्या खिशातूनच काडीपेटी घेतली. पहिली काडी विझली. दुसरी बी पाण्यात पडल्यासारखी चर्र करून विझली. डॉक्टरांनी वास घेतला अन् मेट्रनबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “मला कल्पना नव्हती.” मले वाटते त्यांले खरंच नव्हती. पण कल्पना नसताना त्या महिनाभर माझ्याकडून सही मागून राहिल्या होत्या.

इतक्यात दारातून आवाज आला, “मी आत होती.” शामकला. तिले कोणी बोलावलं नव्हतं. आत येऊन टेबलाच्या पुढंच उभी राहिली. म्हणे, “लोटा मी धरला होता. हिनं ओठाले लावला नाही. मी बाहेर होती असं सांगतलं ते लबाड होतं. भेवली म्हणून बोलली.” मंग दम घेऊन म्हणे, “अन् गुडाखू बी लावते मी. संडासाच्या मागं डबी आहे. आता एकदाच लिहून घ्या सारं.”

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी टोपी उगाच सरळ केली.

आम्हाले बाहेर बसवलं. अर्ध्या घंट्यानं सांगतलं: प्राशन सिद्ध नाही. मद्य जवळ बाळगलं, घराचं नाव लपवलं, हे सिद्ध आहे. परीक्षेले बसू द्यायचं, दोघींले बी. बाकी काय लिहायचं ते मंडळ मागून लिहील. मेट्रनबाईंनी पुन्हा एक कागद पुढं केला, ‘मंडळाचा निर्णय मान्य आहे.’ मी खाली लिहिलं, ‘परीक्षेले बसण्यापुरता मान्य आहे’ अन् सही केली. हा त्यांनी फाडला नाही.

केवळराम आजपासून रजेवर आहे म्हणतात. कपाटाची चावी डॉक्टरांनी नेली.

आज शामकला माझ्यासोबत जेवायले बसली. जेवताना रडली, मंग माझ्या ताटातली मिरची बी उचलून खाल्ली.

परीक्षा जूनमध्ये आहे. मी पास होईन.

तुझी
अनुसया

■

केशोरी
२ ऑगस्ट १९५४

चि. अनुसया हिस अनेक आशीर्वाद.

धानाच्या पऱ्ह्यांचं रोवणं संपत आलं आहे. पाऊस बरा आहे. तू परीक्षेनंतर थेट कोहमाऱ्याला राहायला गेलीस ते रुख्माला आवडलं नाही, तिनं तुझ्यासाठी खोली सारवून ठेवली होती. मी तिला समजावलं.

तुझा दाखला माझ्या पत्त्यावर आला. दहा जणींत दुसरा क्रमांक. मुलांना सुट्टी दिली. मग घरी येऊन नीट वाचला, तेव्हा तळाशी एक रकाना दिसला. ‘वर्तन: असमाधानकारक.’ शाई वेगळी आहे, नंतर भरलेली.

मला हे सहन होत नाही. हा कागद तू ज्या कचेरीत नेशील तिथं साहेब आधी तीच ओळ वाचेल. जनपद सभेतल्या एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलंच, “मास्तर, या शेऱ्यावर नेमणूक कठीण आहे.” मी सिव्हिल सर्जनसाहेबांच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे, शेरा काढून टाकण्याविषयी. त्या डॉक्टरांची साक्ष घेऊ, गरज पडल्यास मी भंडाऱ्याला जातो. फक्त तुझी सही पाहिजे. अर्जात नम्र भाषा वापरली आहे, पण मान कुठंही खाली घातलेली नाही.

समितीच्या बैठकीत एकानं मला विचारलं, “चिटणीस, बहिणीच्या दारूचं काय झालं?” मी उभा राहून सगळी हकीकत सांगितली, फक्त घर सोडून. मग म्हणालो, ज्याला माझं चिटणीसपण नको असेल त्यानं हात वर करावा. दोघांनी केला. आठांनी नाही.

दाखला अर्जासोबत पाठवतो आहे. सही करून अर्ज परत पाठव.

तुझा दादा
भोजराज

■

कोहमारा
११ ऑगस्ट १९५४

तीर्थस्वरूप दादास अनुसयाचा नमस्कार.

दाखला अन् अर्ज मिळाला. अक्षर सुंदर आहे. अर्ज सही न करता परत पाठवते, राग मानू नको.

परवा सोमवारी मी स्वतःच दाखला घेऊन जनपद सभेत गेली होती. तुझ्या कारकुनानं सांगतलं तसंच झालं. साहेबांनी सगळ्यात आधी तळची ओळ वाचली. “वर्तन असमाधानकारक? काय केलंत बाई?” मी खुर्ची नसताना उभ्यानं सारं सांगतलं. लोटा, काडी, पोरगा, मंडळ. घर सोडून. ते ऐकत राहिले. पंखा ओढणारा बी थांबला. शेवटी म्हणाले, “अर्ज ठेवून जा. पाहतो.” देतील का ते मले माहीत नाही. न देवोत.

इथं मी जमुनाबाईच्या पडवीत राहते. तिनं भाडं घेतलं नाही, तं मी रागावून तिच्या गोठ्यातलं शेण काढते. महिन्याभरात सात बाळंतपणं झाली. स्पिरिट मी डॉक्टरांकडून आणते, ते स्वतः शिशी उघडून मले वास देतात अन् मंगच बूच लावतात. बायांले तो दाखला मी दाखवते. वाचता येत नाही त्यांले वाचून दाखवते, शेवटच्या ओळीपर्यंत. एका म्हातारीनं विचारलं, “असमाधान कोणाचं झालं?” मी म्हटलं, “शाळेचं.” ती म्हणे, “मंग आम्हाले काय करायचं आहे? सून आत आहे, चल.”

तू भंडाऱ्याले जाऊ नको. शेरा काढून घेतला तं लोकांले वाटेल मी काही केलंच नव्हतं. मी केलं होतं, दादा. शेरा राहू दे. त्या दिवशी त्या घरात मी कोणाचं समाधान करायले गेलीच नव्हती.

शेंडा गावाहून मले न्यायले बंडी आली आहे, बैल पाणी पिऊन राहिले आहेत. निघते.

अनुसया